वाहक म्हणजे रुग्ण नव्हे : वाटाण्याच्या वाफ्यापासून सिकलसेल कार्डापर्यंत आनुवंशिकतेचा प्रवास

राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून असलेले स्वरूप संपवणे, हे अभियानाचे घोषित उद्दिष्ट आहे. अनुसूचित जमातींमध्ये जन्मणाऱ्या दर ८६ बालकांपैकी सुमारे एकाला हा आजार असतो, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने म्हटले आहे.

तपासणी झालेल्या व्यक्तीला तिच्या निदानाचे कार्ड दिले जाते. त्यावरील नोंद तीनपैकी एक असते : सामान्य, वाहक किंवा रुग्ण. यांतील पहिला आणि तिसरा शब्द कोणालाही कळतो. अडचण मधल्या शब्दाची आहे. वाहक असलेल्या तरुणाला कसलाही त्रास नसतो. तो शेतात राबतो, मैदानावर धावतो, वजने उचलतो. मग त्याच्या कार्डावर आजाराचे नाव का? त्याने विवाह करावा की करू नये? त्याच्या मुलांचे काय होईल? या प्रश्नांची चुकीची उत्तरे गावोगाव तयार असतात आणि त्यांची किंमत ठरलेले लग्न मोडण्यापासून सुनेला माहेरी धाडण्यापर्यंत काहीही असू शकते.

अचूक उत्तरे आनुवंशिकीशास्त्राकडे आहेत. हे शास्त्र घडण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली आणि त्याची सुरुवात एका मठाच्या आवारातील वाटाण्याच्या वाफ्यांतून झाली.

मिश्रणाचा समज आणि मेंडेलचे वाफे

'खाण तशी माती' ही म्हण मराठीत जुनी आहे. मुले आईबापांसारखी होतात, हे निरीक्षण तर माणसाने शेती आणि पशुपालन सुरू केले तेव्हापासूनचे असावे. चरकसंहितेत गर्भाची घडण सांगताना मातेकडून आणि पित्याकडून येणाऱ्या अंशांचा स्वतंत्र विचार आहे. प्राचीन ग्रीसमध्येही यावर वाद झाले. मात्र हे अंश पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या नियमाने उतरतात, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाकडेही नव्हते.

त्या काळी प्रचलित असलेला समज मिश्रणाचा होता. दूध आणि पाणी एकत्र करावे, तसे आईचे आणि वडिलांचे गुण एकमेकांत मिसळतात आणि अपत्य मधल्या गुणाचे निपजते, असे मानले जाई. या समजात एक मोठी खोट होती. एकदा मिसळलेले दूध आणि पाणी पुन्हा वेगळे होत नाही. प्रत्यक्षात मात्र आजीचे घारे डोळे एक पिढी दिसेनासे होऊन नातवात जसेच्या तसे उमटतात. हरवलेला गुण परत येतो, याचा अर्थ तो मिसळून गेलेला नसतो.

तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रनो येथील सेंट थॉमस मठात राहणाऱ्या ग्रेगोर योहान मेंडेल यांनी हाच धागा पकडला. १८२२ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मेंडेल यांनी व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणिताचे धडे घेतले होते. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी सुमारे २८ हजार वाटाण्याची रोपे वाढवून तपासली. वाटाण्याची निवड विचारपूर्वक होती. हे पीक लवकर येते, त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि हवे तेव्हा कुंचल्याने दुसऱ्या रोपाचा पराग देऊन संकर घडवता येतो. शिवाय त्याचे काही गुण सरळ दोन रूपांत दिसतात : बी गोल किंवा सुरकुतलेले, पिवळे किंवा हिरवे, झाड उंच किंवा बुटके. अशा सात गुणांचा मेंडेल यांनी अभ्यास केला.

गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या शुद्ध वाणांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व बिया गोल निघाल्या. सुरकुती नाहीशी झाली. या संकरित रोपांना स्वतःच्याच परागाने फळू दिल्यावर पुढच्या पिढीत ५,४७४ बिया गोल आणि १,८५० बिया सुरकुतलेल्या मिळाल्या. हरवलेली सुरकुती परत आली होती आणि तीही जवळजवळ तीनास एक या प्रमाणात. इतर सहा गुणांतही हेच प्रमाण दिसले.

मेंडेल यांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा आणि दूरगामी होता. प्रत्येक गुणासाठी सजीवाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून आलेला. हे घटक एकमेकांत मिसळत नाहीत. पुढच्या पिढीला देताना जोडीतील एकच घटक दिला जातो आणि तो कोणता, हे योगायोगावर ठरते. दोन भिन्न घटक एकत्र आले तर एकाचा परिणाम दिसतो, दुसरा लपून राहतो. दिसणारा तो प्रभावी आणि लपणारा तो अप्रभावी. गोल दिसणाऱ्या बीच्या पोटात सुरकुतीचा घटक असू शकतो, ही या शोधातील मध्यवर्ती गोष्ट होती. सिकलसेलच्या कार्डावरील 'वाहक' हा शब्द तिथूनच येतो.

शब्द मिळाले, जागा सापडली

मेंडेल यांनी १८६५ मध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर आपले निष्कर्ष वाचले. पुढील वर्षी ते प्रसिद्धही झाले. तरी वैज्ञानिक जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. १८८४ मध्ये मेंडेल यांचे निधन झाले. १९०० मध्ये ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेरमाक या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते काम पुन्हा उजेडात आणले आणि मग घडामोडींना वेग आला.

१९०२ मध्ये लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी अल्काप्टोन्युरिया या आजाराचा अभ्यास मांडला. या आजारात लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते. रुग्णांच्या अनेक कुटुंबांत आईवडील निरोगी पण एकमेकांचे जवळचे नातलग होते. मेंडेल यांचा अप्रभावी घटक माणसातही असतो, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा ठरला. १९०५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी या नव्या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव सुचवले. १९०९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी मेंडेल यांच्या घटकाला 'जीन' म्हटले. मराठीत त्यालाच जनुक असा शब्द रूढ झाला.

ही जनुके पेशीत नेमकी कुठे असतात, याचा शोधही याच काळात लागला. पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रे जोडीजोडीने असतात आणि बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र तिच्यात जाते. मेंडेल यांचे घटकही अगदी तसेच वागत होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या एका फळमाशीपासून सुरुवात करून जनुके गुणसूत्रांवर वसतात, हे दाखवून दिले. त्याआधी १९०५ मध्येच नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने किड्यांच्या बीजपेशी तपासून लिंगनिश्चिती नराच्या शुक्रपेशीतील गुणसूत्रावर अवलंबून असल्याचे सांगितले होते. माणसातही तसेच आहे. मुलगी झाल्याचा दोष आईच्या माथी मारण्याला शास्त्राचा आधार नाही, हे कळून आता शतक उलटले आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके त्यांवर पसरलेली आहेत. प्रत्येक माणूस या संचाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून घेऊन जन्माला येतो.

एका अक्षराचा आजार

मेंडेल यांचा घटक म्हणजे प्रत्यक्षात कोणता पदार्थ, हे मात्र १९१० मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. योगायोगाने त्याच वर्षी शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तांबड्या पेशी गोल तबकडीसारख्या न दिसता विळ्यासारख्या वाकलेल्या दिसत होत्या. सिकलसेल, म्हणजे विळ्याच्या आकाराची पेशी, हे नाव त्यावरूनच पडले.

सुदृढ तांबडी पेशी लवचीक असते आणि केसाहूनही बारीक रक्तवाहिनीतून ती दुमडून निघून जाते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. विळ्याच्या आकाराची पेशी ताठर होते, अरुंद जागी अडकते आणि साधारण दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यातून रक्तक्षय, हातापायांत आणि छातीत उठणाऱ्या तीव्र कळा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, प्लीहेची हानी आणि काही रुग्णांत पक्षाघात असे परिणाम संभवतात.

१९४९ हे वर्ष या आजाराच्या इतिहासात निर्णायक ठरले. अमेरिकेत जेम्स नील यांनी रुग्ण मुलांच्या आईवडिलांचे रक्त तपासून दोघेही वाहक असल्याचे दाखवले. हा आजार मेंडेल यांच्या नियमाने उतरतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते, हे दाखवले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूच्या रचनेत असल्याचे प्रथमच स्पष्ट झाले. वाहकांच्या रक्तात त्यांना दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन आढळले, नेहमीचेही आणि बदललेलेही.

दरम्यान जनुकाचा पदार्थही ओळखू येऊ लागला होता. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असल्याचे दाखवले. १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. त्या रचनेमागे रोझलिंड फ्रँकलिन यांनी घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. पिळलेल्या शिडीसारख्या या रेणूच्या पायऱ्या ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांच्या असतात. ए समोर टी आणि जी समोर सी येतो. त्यामुळे शिडी मधोमध उलगडली तरी प्रत्येक अर्ध्या भागावरून दुसरा भाग पुन्हा रचता येतो. माहितीची नक्कल पुढच्या पेशीत आणि पुढच्या पिढीत जाते ती अशी.

ही चार अक्षरे वाचायची कशी, हे कोडे १९६० च्या दशकात सुटले. सलग तीन अक्षरांचा एक शब्द आणि प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल, असा हा संकेत आहे. तो उलगडण्यातील कामगिरीबद्दल भारतात जन्मलेले आणि लाहोरमध्ये शिकलेले हरगोविंद खुराना यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांच्यासह १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिकलसेलमध्ये बिघडते ते नेमके काय, हे केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६ आणि १९५७ मध्ये शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्यात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बाकीची १४५ स्थाने जशीच्या तशी राहतात. डीएनएच्या भाषेत सांगायचे तर अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात जीएजी या शब्दाचा जीटीजी होतो. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या ग्रंथातील एक अक्षर बदलते आणि प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात. तेच तंतू पेशीला विळ्याचा आकार देतात.

अप्रभावी म्हणजे दुबळे नव्हे

प्रभावी आणि अप्रभावी या शब्दांमुळे एक जनुक दुसऱ्याला दाबून टाकते, असे चित्र मनात उभे राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे रहस्य १९९० मध्ये इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेतील संशोधकांनी उलगडले. पिष्टमय पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक त्या वाटाण्यात मोडलेले असते. त्यामुळे बीमध्ये साखर आणि पाणी अधिक साठते आणि वाळताना बी आक्रसते. जोडीतील एक जनुक शाबूत असेल तर बी गोल राहण्याइतके काम ते एकटे करते. मोडलेले जनुक तिथेच असते. त्याची उणीव बाहेरून दिसत नाही, इतकेच.

सिकलसेलच्या वाहकाचेही तसेच आहे. त्याचे एक जनुक नेहमीचे आणि एक बदललेले असते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलीत त्याला 'एएस' म्हणतात. दोन्ही जनुके नेहमीची असलेली व्यक्ती 'एए' आणि दोन्ही बदललेली असलेली व्यक्ती 'एसएस'. वाहकाच्या रक्तात नेहमीचे हिमोग्लोबिन निम्म्याहून अधिक असते आणि दैनंदिन जीवनासाठी ते पुरेसे ठरते. अतिउंच प्रदेशात किंवा शरीरातील पाणी फार घटेपर्यंत श्रम केल्यास क्वचित त्रास संभवतो. एरवी वाहक निरोगी जीवन जगतो. वाहक असणे हा आजाराचा पहिला टप्पा नसतो. 'एएस' असलेली व्यक्ती पुढे कधीही 'एसएस' होत नाही.

हिवतापाच्या प्रदेशातील देवाणघेवाण

इतके घातक जनुक हजारो वर्षांत नामशेष का झाले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबाबत असा तर्क मांडला होता, की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. सिकलसेलच्या बाबतीत असे संरक्षण खरोखर मिळते, हे केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून दाखवले. वाहक मुलांना तीव्र हिवताप कमी होतो. ज्या प्रदेशात हिवतापाने मुले दगावत होती, तिथे वाहक मुले अधिक संख्येने जगली, वाढली आणि त्यांचे जनुक पुढे गेले. दोन वाहकांच्या काही मुलांना सिकलसेल झाला, ही त्या संरक्षणाची किंमत होती.

भारतातील सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी डोंगरांतील आदिवासी समाजांत झाली. त्याच वर्षी आसाममधील चहामळ्यांत कामासाठी गेलेल्या मजुरांमध्येही हा दोष आढळला. आज गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा असा सलग पट्टा, तसेच दक्षिणेतील डोंगराळ भाग यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, अमरावतीचा मेळघाट आणि नंदुरबार या भागांत तो प्रामुख्याने दिसतो. आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातील काही अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आढळतो. जनुक जातीचा दाखला पाहत नाही. ते हिवतापाच्या इतिहासाला आणि विवाहाच्या रीतींना अनुसरून पसरते.

विवाहाची रीत इथे महत्त्वाची ठरते. हैदराबादच्या पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचे डीएनए तपासले. त्यांतील अनेक समाज तुलनेने मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आणि शतकानुशतके आपसातच विवाह करत आलेले आढळले. अशा समाजांत एकच अप्रभावी जनुक वधू आणि वर दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील विवाहांत ती आणखी वाढते. त्यामुळे एखाद्या समाजाचे रक्त सदोष ठरत नाही. अप्रभावी जनुके प्रत्येक समाजात आणि प्रत्येक व्यक्तीत असतात. ती समोरासमोर येण्याची संधी कुठे अधिक आणि कुठे कमी, एवढाच फरक आहे.

पंचवीस टक्क्यांचा अर्थ

कार्डाचा खरा उपयोग दोन कार्डे शेजारी ठेवल्यावर होतो. वाहक आणि सामान्य व्यक्ती यांचा विवाह झाला तर त्यांच्या कोणत्याही अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. रुग्ण आणि सामान्य व्यक्तीची सर्व अपत्ये वाहक असतात, रुग्ण एकही नसते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि सामान्य असण्याची २५ टक्के असते. वाहक आणि रुग्ण यांच्या अपत्यांत रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते.

यांतील २५ टक्क्यांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. चार मुलांपैकी एकाला आजार होणार, असा त्याचा अर्थ लावला जातो. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची तीन सुरक्षित, अशी समजूत त्यातूनच होते. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणेफेक नव्याने होते. आईच्या दोन जनुकांपैकी एक आणि वडिलांच्या दोनपैकी एक, अशा दोन चिठ्ठ्या पुन्हा उचलल्या जातात. आधीच्या मुलाची चिठ्ठी त्यांना ठाऊक नसते. गणिताने पाहिले तर चार मुले असलेल्या वाहक दांपत्यांपैकी सुमारे ३२ टक्के दांपत्यांना एकही रुग्ण मूल होणार नाही आणि काहींना दोन किंवा तीनही होतील. घराण्यात कधी आजार दिसला नाही, म्हणून तपासणीची गरज नाही, हा युक्तिवादही याच गणिताने कोलमडतो. वाहकांच्या पिढ्या एकही रुग्ण न दिसता निघून जाऊ शकतात. रुग्णाच्या निरोगी सख्ख्या भावंडांबाबत तर तीनात दोन एवढी वाहक असण्याची शक्यता असते. त्यामुळे तपासणीत त्यांचा क्रम आधी लागायला हवा.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. जोडीदाराकडे सिकलसेलचे जनुक नसून बीटा थॅलसेमियाचे असेल, तरीही अपत्याला गंभीर स्वरूपाचा सिकल आजार होऊ शकतो. म्हणून केवळ प्राथमिक विद्राव्यता चाचणीवर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या निश्चित तपासण्या करून घेणे योग्य ठरते.

माहिती कलंक होते तेव्हा

तपासणी मोहिमांचा इतिहास केवळ यशाचा नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. समुपदेशन पुरेसे नव्हते आणि वाहक व रुग्ण यांतील फरक कायदे करणाऱ्यांनाही नीट उमगला नव्हता. परिणामी निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारण्याचे प्रकार घडले. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात त्याच सुमारास झालेल्या पाहणीत निराळेच दिसले. वाहकांची ओळख पटवून सल्ला दिल्यानंतरही वाहकांचे आपसातील विवाह घटले नाहीत. वाहक असण्याला कलंक चिकटल्याने अनेकांनी ती माहिती लपवूनच विवाह केले होते.

भारतात हा धोका अधिक टोकदार आहे, कारण इथे दोषाचे बोट बहुधा सुनेकडे वळते. शास्त्र त्याला वाव देत नाही. रुग्ण मुलाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेले असते. वाटा अगदी समसमान असतो. वाहक मुलींची स्थळे नाकारली जाऊ लागली, तर तपासणी टाळण्याकडे कल वाढेल आणि अभियानाचा मूळ हेतूच पराभूत होईल. वाहकाने विवाह करू नये, असे आनुवंशिकी सांगत नाही. दोन्ही कार्डे आधी पाहावीत, एवढेच ती सांगते. दोन वाहकांचा विवाह झालाच असेल, तर समुपदेशन, गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत करता येणारे जन्मपूर्व निदान आणि नवजात बालकाची तपासणी हे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांतील निर्णय त्या दांपत्याचाच असतो.

जनुक ठरलेले, आयुष्य नव्हे

रुग्णाचे जनुक जन्मतः ठरलेले असले, तरी त्याचे आयुष्य किती आणि कसे असेल, हे उपचारांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात निराळे, गर्भीय हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळी नसल्याने पहिले काही महिने आजार दिसत नाही. या काळात निदान झाले तर संसर्ग रोखण्यासाठी पेनिसिलीन आणि लसी वेळेवर देता येतात. पेनिसिलीनच्या नियमित मात्रेने रुग्ण बालकांतील गंभीर न्यूमोकोकल संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. भारतातील अनेक रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच अधिक असल्याने त्यांचा आजार तुलनेने सौम्य राहतो. मात्र मध्य भारतात तीव्र आजाराचे रुग्णही कमी नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे.

जुळणारा दाता मिळाल्यास मूळपेशींचे प्रत्यारोपण रुग्णाला बरे करू शकते. आता जनुकातच बदल करण्याचे तंत्रही हाती आले आहे. २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या क्रिस्पर तंत्राबद्दल इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या तंत्रावर आधारित सिकलसेलच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशींतील एक जनुकीय कळ बंद करून गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणे, असे त्याचे तत्त्व आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. दिल्लीतील जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत अल्प खर्चाच्या स्वदेशी पद्धतीवर काम सुरू आहे.

ते उपचार सामान्य रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत एका साध्या रक्तचाचणीचे मोल कमी होणार नाही. तपासणीचे आकडे कोटींत मोजले जातील आणि कार्डेही वाटली जातील. त्यांचा परिणाम मात्र ती कशी वाचली जातात, यावर ठरेल. शाळेतील शिक्षक, आशा कार्यकर्त्या, लग्न जुळवणारी वडीलधारी मंडळी आणि स्वतः तरुण मुलेमुली यांना तीन गोष्टी ठाऊक असल्या, तरी बरेच साधेल : वाहक हा रुग्ण नसतो, दोष एकट्या कोणाचा नसतो आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याच्या वेळी शक्यतेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.